स्पॅनिश शिकताना मराठी कुठे कामी येते आणि कुठे आडवी येते

आपल्याकडे स्पॅनिशची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून येतात. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला जे अवघड जातं ते त्यात चार-चार पानं समजावलेलं असतं, आणि मराठी माणूस जिथे हमखास घसरतो ते दोन ओळींत उरकलेलं असतं. खरं तर ‘मला आंबा आवडतो’ या वाक्याची स्पॅनिश बांधणी आपल्याला फुकटात मिळालेली आहे. ‘मे गुस्ता एल मांगो’, अनेकवचनात ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आंबा कर्ता, क्रियापद आंब्याच्या तालावर, आवडणारा माणूस ‘मला’च्या रूपात. यावर डोकं खाजवायचं कारणच नाही. अडतं ते ‘कोणी’, ‘काही’ आणि आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’सारखे शब्द) या तीन ठिकाणी.

उच्चारांबद्दल एकदाच सांगून ठेवतो. इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. त आणि द हे आपलेच दंत्य त-द, ‘व्ही’ हे अक्षर ‘ब’सारखं, ‘एच’ मुका, ‘जे’ म्हणजे घशातला ह. ‘ग्रासिआस’मधला पहिला स स्पेनच्या बऱ्याच भागात थ होतो, मी लॅटिन अमेरिकेचा स ठेवला आहे.

‘कोणी’चे तुकडे

मराठीतलं ‘कोणी’ दोन्ही डगरींवर हात ठेवून असतं. ‘कोणी आलं का?’ आणि ‘कोणी आलं नाही’, दोन्हीकडे शब्द एकच. स्पॅनिशमध्ये हे चालत नाही. होकारी आणि प्रश्नार्थी बाजूला ‘आल्ग्येन’, नकारी बाजूला ‘नाद्ये’. ‘बीनो आल्ग्येन?’ म्हणजे कोणी आलं का, आणि ‘नो बीनो नाद्ये’ म्हणजे कोणी आलं नाही. नवशिका ‘नो बीनो आल्ग्येन’ म्हणतो, कारण त्याच्या डोक्यात ‘कोणी’ एकच असतं.

दुहेरी नकाराचा बाऊ इंग्रजीवाल्यांनी करावा. ‘मला काहीच नको’, ‘कोणीच नाही’ असं म्हणणाऱ्यांना त्यात नवल वाटायला नको. आपली अडचण उलटी आहे. मराठीत ‘नाही’ क्रियापदाला चिकटलेलं असतं आणि ते कधीच सुटत नाही. ‘कोणीच आलं नाही’ म्हणताना ‘कोणीच’ आधी आलं तरी ‘नाही’ शेवटी हवंच. तीच सवय स्पॅनिशमध्ये नेली की ‘नाद्ये नो बीनो’ असं वाक्य बाहेर पडतं, आणि ते चूक आहे. स्पॅनिशची अट अशी: क्रियापदाच्या आधी कुठला तरी नकारी शब्द हवा. ‘नाद्ये’, ‘नादा’ (काही नाही) किंवा ‘नूंका’ (कधी नाही) तिथे आधीच येऊन बसला असेल, तर ‘नो’ला जागा उरत नाही. म्हणून ‘नाद्ये बीनो’ किंवा ‘नो बीनो नाद्ये’. ‘नो’ सोडून बाकीच्या नकारी शब्दांची मात्र रांग लागली तरी हरकत नाही. ‘मला कधीच कोणीच काहीच सांगितलं नाही’ हे ‘नूंका नाद्ये मे दीहो नादा’ होतं. आपल्या तीन ‘च’च्या जागी तिथे तीन नकारी शब्द आहेत, आणि ‘नो’ एकदाही नाही.

‘नो’ नसतानाही नकारी शब्द लागतो अशा दोन जागा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’: ‘काहीही न बोलता’ म्हणजे ‘सिन देसीर नादा’. इथे ‘आल्गो’ (काहीतरी) घातलं की ऐकणारा अडखळतो. दुसरी तुलना: ‘ती कोणापेक्षाही छान गाते’ म्हणजे ‘कांता मेहोर के नाद्ये’.

आता ‘कोणीही’. हा शब्द खरा फसवा, कारण त्याला दोन वाटा फुटतात. ‘हे कोणीही सांगेल’ यात कोणालाही निवडा असा अर्थ आहे. स्पॅनिशमध्ये तिथे ‘क्वाल्क्येरा’. ‘कोणीही आलं नाही’ यात निवडण्याचा प्रश्नच नाही, तिथे ‘नाद्ये’. वाक्यात ‘नाही’ आहे का बघायचं. असेल तर ‘क्वाल्क्येरा’कडे वळायचं नाही. ‘काहीही’चंही असंच. ‘काहीही चालेल’ हे ‘क्वाल्क्येर कोसा’, पण ‘काहीही दिसत नाही’ हे ‘नो से बे नादा’. आणि आपलं सुटं, नाक मुरडून म्हटलेलं ‘काहीही!’ यातल्या कशानेच होत नाही. स्पेनमध्ये त्या जागी ‘के बा!’ म्हणतात.

नामाच्या आधी आलं की ‘क्वाल्क्येरा’तला शेवटचा ‘आ’ गळतो: ‘क्वाल्क्येर लिब्रो’, ‘क्वाल्क्येर कासा’, लिंग कुठलंही असो. नामाच्या मागे गेलं की पूर्ण रूप राहतं आणि सूर बदलतो. ‘नो एस उन लिब्रो क्वाल्क्येरा’ म्हणजे हे ऐरंगैरं पुस्तक नव्हे. माणसांबाबत हे मागचं ‘क्वाल्क्येरा’ जपून वापरायचं. ‘ऊना क्वाल्क्येरा’ ही बाईला दिलेली शिवी आहे.

‘पैकी’ असेल तिथे ‘आल्ग्येन’ ठेवून द्या आणि ‘आल्गूनो’ घ्या. ‘तुमच्यापैकी कोणी’ म्हणजे ‘आल्गूनो दे उस्तेदेस’. ‘त्यांच्यापैकी कोणीच नाही’ म्हणजे ‘निंगूनो दे एयोस’. आल्गूनो आणि निंगूनो यांना लिंग आहे, म्हणून बायकांच्या घोळक्याबद्दल बोलताना आल्गूना, निंगूना. ‘आल्ग्येन’ला तसं रूप नाही. मराठीत कोण ते माहीत नसेल तेव्हा आपण नपुंसकलिंग वापरतो, ‘कोणीतरी आलंय’. स्पॅनिश त्या जागी पुल्लिंग ठेवते, म्हणून ‘आल्ग्येन न्वेबो’, मग ती बाई का असेना.

कर्म माणूस असेल तर त्याच्या आधी ‘आ’ लागतो, आणि पुस्तकं यावर फार लिहितात. मराठी माणसाला एवढंच सांगितलं तरी पुरे की हा आपला ‘ला’ आहे. ‘मी डॉक्टर शोधतोय’, कोणीही चालेल: ‘बुस्को उन मेदिको’. ‘मी एका डॉक्टरांना शोधतोय’, ठरावीक माणूस आहे: ‘बुस्को आ उन मेदिको’. ‘मी इथे कोणाला ओळखत नाही’ यात ‘ला’ दिसतोच आहे: ‘नो कोनोस्को आ नाद्ये आकी’. ‘इथे कोणी नाही’ यात ‘ला’ नाही, मग ‘नो आय नाद्ये’, ‘आ’शिवाय. जोडी दर वेळी इतकी तंतोतंत जुळेल असं नाही, पण सुरुवातीच्या वर्षभरात क्वचितच दगा देते.

‘काही’, ‘एखादा’, ‘आणखी एक’

‘काही’चा पसारा मोठा आहे, पण वाक्य पाहिलं की कळतं. काहीतरी म्हणजे ‘आल्गो’: ‘आल्गो ब्वेनो’, काहीतरी चांगलं. थोडंफार या अर्थी ‘आल्गो दे’: ‘आल्गो दे दिनेरो’, थोडेफार पैसे. विशेषणाआधी ‘जरा’ या अर्थी नुसतं ‘आल्गो’: ‘एस्तोय आल्गो कान्सादो’, मी जरा दमलोय. त्याच्या उलट टोकाला ‘नादा’: ‘नो एस नादा फासिल’, अजिबात सोपं नाही.

‘काही लोक’ यात मात्र दोन पर्याय आहेत. ‘आल्गूनास पेर्सोनास’ म्हटलं की बाकीचे काही तसे नाहीत हे ऐकणाऱ्याला जाणवतं. ‘ऊनास पेर्सोनास’ म्हटलं की नुसती चार-पाच माणसं. हा ‘ऊनोस’ आकड्याआधी आला की आपला ‘-एक’ होतो: ‘ऊनोस बेइंते एउरोस’ म्हणजे वीसेक युरो, ‘ऊनास सिएन पेर्सोनास’ म्हणजे शंभरेक माणसं. दोन्ही भाषांनी अंदाज दाखवायला ‘एक’च पकडला आहे.

‘एखादा’ला ‘आल्गून’ चपखल बसतो. ‘इथे जवळपास एखादी बँक आहे का?’ म्हणजे ‘आय आल्गून बांको पोर आकी?’ पुल्लिंगी नामाआधी आल्गूनोचा ‘ओ’ गळून आल्गून होतो, तसाच निंगूनोचा निंगून.

निंगून जवळजवळ नेहमी एकवचनी. ‘काहीच अडचणी नाहीत’ यातलं अनेकवचन तसंच उचलून ‘निंगूनोस प्रोब्लेमास’ करणं ही आपली नेहमीची चूक. ‘नो आय निंगून प्रोब्लेमा’ म्हणायचं. अपवाद मुळातच अनेकवचनात वावरणाऱ्या शब्दांचा, जसं ‘नो तेंगो निंगूनास गानास’, मला मुळीच इच्छा नाही. जोर द्यायचा नसेल तर निंगून टाळून नुसतं अनेकवचन घ्या: ‘नो तेंगो एर्मानोस’, मला भावंडं नाहीत. आणि माणसाकडे सहसा एकच असणारी गोष्ट असेल तर नुसतं एकवचन: ‘नो तेंगो कोचे’, माझ्याकडे गाडी नाही. शेवटचं वाक्य मराठीसारखंच आहे, काही करायचं नाही.

‘आणखी एक कॉफी’ म्हणताना ‘उन ओत्रो काफे’ तोंडात येतं. ओत्रोआधी उन कधीच येत नाही. नुसतं ‘ओत्रो काफे’. आणखी दोन हव्या असतील तर ओत्रो आकड्याच्या आधी: ‘ओत्रोस दोस काफेस’.

कादा आणि तोदो यांची गल्लत फार होते. ‘रोज’ म्हणजे ‘तोदोस लोस दिआस’, ‘दिवसभर’ म्हणजे ‘तोदो एल दिआ’. फरक फक्त वचनाचा आहे आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. कादा म्हणजे सुटासुटा प्रत्येक: ‘कादा ऊनो’, प्रत्येक जण. त्याला अनेकवचन नाही. ‘तोदो एल मुंदो’ म्हणजे सगळे लोक, पण क्रियापद एकवचनी. ‘ला हेंते’ही तसंच: आपले ‘लोक’ अनेकवचनी, त्यांची ‘हेंते’ एकवचनी स्त्रीलिंगी. ‘लोक चांगले आहेत’ म्हणजे ‘ला हेंते एस ब्वेना’.

आर्टिकल नसलेल्या भाषेतून आर्टिकलकडे

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ‘एल’ (‘द’) आणि ‘उन’ (‘अ’) यांतला फरक जाणवणार नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. मराठी तोच फरक शब्दांच्या जागेवरून दाखवते. ‘फ्रिजमध्ये दूध आहे’ आणि ‘दूध फ्रिजमध्ये आहे’ ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी ठेवून बघा. पहिलं फ्रिज उघडून बघणाऱ्याचं: काय आहे तर दूध. दुसरं ‘दूध कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर. कुठलं दूध ते दोघांना माहीत आहे. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘एन ला नेबेरा आय लेचे’, दुसरं ‘ला लेचे एस्ता एन ला नेबेरा’. पहिल्यात दुधाला आर्टिकल नाही आणि क्रियापद ‘आय’. दुसऱ्यात ‘ला’ आहे आणि क्रियापद ‘एस्ता’. मराठी वाक्यात आधी स्थळ आणि मग वस्तू आली, तर ‘आय’ घ्या आणि ‘एल-ला’ घालू नका. आधी वस्तू आणि मग स्थळ, तर ‘एल-ला’ आणि ‘एस्ता’. ‘टेबलावर पुस्तक आहे’: ‘एन ला मेसा आय उन लिब्रो’. ‘पुस्तक टेबलावर आहे’: ‘एल लिब्रो एस्ता एन ला मेसा’. ‘आय एल लिब्रो’ ही जोडी जमत नाही. कोचिंगच्या वह्यांमध्ये लाल शाईने सर्वांत जास्त काय खोडलेलं असतं, तर हेच.

कर्माचंही असंच. ‘मी पुस्तक वाचलं’ हे साधारण ‘लेई उन लिब्रो’. ‘पुस्तक मी वाचलं’ असं पुस्तक पुढे ओढलं की ते ठरलेलं पुस्तक होतं: ‘एल लिब्रो लो लेई’. असं कर्म पुढे आणलं की ‘लो’ची पुस्ती जोडावी लागते, नाहीतर वाक्य लंगडं राहतं.

शंका आली तर नामाआधी मनात ‘ते’ लावून बघा. वाक्य टिकलं तर एल किंवा ला. ‘एक’ किंवा ‘एखादं’ टिकलं तर उन किंवा ऊना. दोन्ही टिकत नसेल, तर नाम कर्त्याच्या जागी आहे की कर्माच्या ते पाहा. कर्म असेल तर बहुधा काहीच लागत नाही: ‘बेबो काफे’, मी कॉफी पितो. कर्ता असेल आणि सगळ्या जातीबद्दल बोलणं चालू असेल, तर आर्टिकल लागतंच: ‘एल काफे एस कारो’, कॉफी महाग आहे. क्रियापदाआधी नुसतं उघडं नाम बसवलेलं स्पॅनिशला सहसा चालत नाही. ‘मे गुस्ता’मध्येही आवडणारी वस्तू कर्ताच असते, म्हणून ‘मे गुस्ता काफे’ नाही, ‘मे गुस्ता एल काफे’.

व्यवसाय सांगताना मराठीच्या वाटेने चाला: ‘सोय मेदिको’, मी डॉक्टर आहे, आर्टिकल नको. विशेषण आलं की ‘उन’ येतो: ‘सोय उन बुएन मेदिको’. शरीराच्या अवयवांना ‘माझं’ लागत नाही. ‘हात धुतो’ म्हणजे ‘मे लाबो लास मानोस’, इथे मराठी जुळते. ‘माझं डोकं दुखतंय’ इथे जुळत नाही. ‘मे दुएले ला काबेसा’, म्हणजे दुखणं मला आणि डोकं नुसतं ‘ला’चं. ‘मी काबेसा’ म्हटलं तर समजेल, पण कानाला खटकेल.

वारांना आपल्या ‘-ई’ प्रत्ययाच्या जागी एल: ‘एल लूनेस’ म्हणजे सोमवारी, ‘लोस लूनेस’ म्हणजे दर सोमवारी. ‘आज सोमवार आहे’ यात ‘-ई’ नाही, म्हणून आर्टिकलही नाही: ‘ओय एस लूनेस’. वारांची नावं पाठ करायला वेळ घालवू नका. लूनेस चंद्राचा, मार्तेस मंगळाचा, म्येर्कोलेस बुधाचा, ह्वेबेस गुरूचा, ब्येर्नेस शुक्राचा, क्रम आपलाच. फक्त शनिवार-रविवार, म्हणजे साबादो आणि दोमिंगो, ग्रहांच्या पंगतीतून उठून गेलेले आहेत.

‘एल आग्वा’ पाहून पाणी पुल्लिंगी समजू नका. ते स्त्रीलिंगीच आहे; पुढच्या शब्दाची सुरुवात आघाती ‘आ’ने होते म्हणून ‘ला’ची जागा ‘एल’ घेतो, दोन ‘आ’ एकमेकांवर आदळू नयेत यासाठी. विशेषण स्त्रीलिंगीच राहतं: ‘एल आग्वा फ्रिआ’, अनेकवचनात ‘लास आग्वास’. ‘हे पाणी’ म्हणजे ‘एस्ता आग्वा’. ‘एस्ते आग्वा’ स्पॅनिश मातृभाषा असलेलेही बोलून जातात, पण परीक्षेत गुण कापले जातात. आर्टिकल आणि नामामध्ये विशेषण घुसलं की ‘ला’ परत येतो.

राहिला ‘लो’. त्याला इंग्रजीत धड जोडीदार नाही, मराठीत आहे. विशेषणाला नपुंसकलिंगी करून आपण ‘महत्त्वाचं ते सांग’ म्हणतो. ते ‘लो इंपोर्तांते’. ‘तू जे म्हणतोस ते’ हे ‘लो के दीसेस’. जे-ते आलं की ‘लो के’ लावा, बहुतेक वेळा बरोबर निघेल.

भाजीच्या दुकानात

स्पेनमधल्या मंडईत गिऱ्हाइकं रांगेत उभी दिसतीलच असं नाही. दुकानात शिरल्यावर ‘क्येन एस एल ऊल्तिमो?’ (शेवटी कोण आहे?) असं विचारायचं, ज्याने हात वर केला त्याच्या मागे आपला नंबर. मग पुढचं संभाषण साधारण असं चालतं:

— के ले पोंगो? (काय देऊ?)
— मेदिओ किलो दे तोमातेस, पोर फाबोर.
— आल्गो मास? (आणखी काही?)
— तिएने आग्वाकातेस? (अॅव्होकाडो आहेत का?)
— नो, ओय नो मे केदा निंगूनो. (आज एकही उरला नाही.)
— एंतोन्सेस, मेदिआ दोसेना दे वेबोस. (मग अर्धा डझन अंडी.)
— आल्गो मास?
— नादा मास. क्वांतो एस? (बास. किती झाले?)

‘अर्धा किलो’ला उन लागत नाही, ‘मेदिओ किलो’ एवढंच. डझन स्त्रीलिंगी म्हणून तिथे मेदिआ. मोजमापानंतर ‘दे’ आणि मग नाम आर्टिकलशिवाय. अॅव्होकाडो अनेकवचनात विचारले तरी उत्तरात निंगूनो आणि केदा दोन्ही एकवचनी. ‘तिएने’ हे ‘तुम्ही’चं रूप, दुकानदाराला अरे-तुरे करायचं की नाही हे आपल्याला शिकवावं लागत नाही. लॅटिन अमेरिकेत ‘के ले पोंगो’ऐवजी ‘के ले दोय’ ऐकू येईल.

रोजच्या शब्दांत पोर्तुगीजांची कृपा थोडी उपयोगी पडते. गोवा, वसई, चौल इथून मराठीत आलेले त्यांचे शब्द स्पॅनिशचे सख्खे चुलतभाऊ आहेत. पगार हा स्पॅनिशमध्ये ‘पागार’, पैसे देणे हे क्रियापद. चावी म्हणजे ‘याबे’, बादली लॅटिन अमेरिकेत ‘बाल्दे’, पाव म्हणजे ‘पान’ (विड्याचं नव्हे). अननस मात्र ‘पिन्या’. ‘आनाना’ म्हणाल तर अर्जेंटिनात कळेल. अर्जेंटिनातच ‘बाताता’ मागितलं तर हातात रताळं पडेल.

देशागणिक शब्द बदलतात. स्पेनमध्ये फळांचा रस ‘सूमो’, लॅटिन अमेरिकेत ‘हूगो’. स्पेनमध्ये ‘मोबिल’, तिकडे ‘सेलुलार’. मेक्सिकोत बसला ‘कामियोन’ म्हणतात, जो इतरत्र ट्रक असतो. कॅनरी बेटं आणि क्यूबा इथे बस म्हणजे ‘ग्वाग्वा’, आणि चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. एका शब्दापासून मात्र लांबच राहा: स्पेनमध्ये ‘कोहेर’ म्हणजे घेणे, पकडणे, अगदी बस पकडणेसुद्धा, मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो चारचौघांत उच्चारायचा शब्द नाही. सगळीकडे ‘तोमार’ चालतो, तोच वापरा.

वहीत शब्द उतरवताना आर्टिकलसकट उतरवा, कारण शेवटचं अक्षर लिंग सांगेलच असं नाही: एल प्रोब्लेमा, एल मापा, एल दिआ, पण ला मानो, ला फोतो. बटाटा लॅटिन अमेरिकेत ‘ला पापा’ आहे. ‘एल पापा’ म्हणालात तर पोप, आणि तेच शेवटच्या ‘पा’वर जोर देऊन म्हणालात तर वडील.